रत्नागिरीला यायचंय? आधी तिथी बघा

रत्नागिरीत फिरायला येणाऱ्यांच्या मोबाइलवर हल्ली तयार यादी असते. सकाळी उशिरा रत्नदुर्ग, दुपारी आरे-वारे, संध्याकाळी भाट्ये आणि मांडवी, दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. ठिकाणं बरोबर आहेत, वेळा मात्र कुणी कधी तपासलेल्या नसतात. मग लोक भर बाराच्या उन्हात कातळ तुडवतात, ओहोटीला जोर असताना नेमके खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरतात आणि सूर्यास्ताला किनाऱ्यावर पोचतात तेव्हा पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पाण्याखाली गेलेली असते. बंदराच्या गावात हॉटेलच्या बुकिंगआधी भरती-ओहोटी बघावी. त्यासाठी अ‍ॅपसुद्धा लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरावी धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. ही भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते आणि प्रत्येक भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरकते; पाऊणपटीचं मूळ तेच.

हिशेब ढोबळ आहे. तासाभराचा फरक पडू शकतो. नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक बघावं, पण रत्नागिरीचं. मुंबईचं वेळापत्रक इथे लावू नये. इथली भरती मुंबईच्या आधी लागते आणि पाणीही तितकं चढत नाही. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार होतो, इथे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येला, आणि खरं तर त्यांच्या नंतरच्या एक-दोन दिवसांत जास्तच, उधाणाची भरती असते : पाणी खूप आत येतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती : चढतं थोडं, उतरतं थोडं. याचा अर्थ सरळ आहे. पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी आलात तर संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला ओहोटी असते, म्हणजे सूर्यास्ताला मोठी ओली पुळण, लांबवर चालणं, खडकांतली डबकी बघणं, सगळं जमतं. अष्टमीच्या आठवड्यात संध्याकाळी पाणी भरलेलं असतं. त्या दिवसांत चालायचं ते दुपारच्या आधी, आणि संध्याकाळ गडावर किंवा धक्क्यावर घालवायची.

वाऱ्याचाही असाच नेम असतो. हिवाळ्यात पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. तेव्हा पाणी बऱ्यापैकी निवांत असतं. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तीनपर्यंत लाटांवर पांढरा फेस दिसायला लागतो. होडीतून फिरायचं असेल तर सकाळीच. दुपारच्या फेरीत जेवण पोटात राहील याची खात्री नाही.

आता ठिकाणं. रत्नदुर्गला, ज्याला गावात भगवती किल्लाच म्हणतात, सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर जा. किल्ला घोड्याच्या नालासारखा पसरलेला आहे आणि तीन बाजूंनी समुद्र. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. गाडी बालेकिल्ल्याच्या जवळपर्यंत जाते, म्हणून बहुतेक जण भगवतीचं दर्शन घेऊन वीस मिनिटांत परत फिरतात. तसं करू नका. बालेकिल्ल्याच्या तटावरून पूर्ण फेरी मारा. एका बाजूला भगवती बंदर आणि मिरकरवाडा या मासळी बंदरातल्या होड्या, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि खाली काळ्या कड्यांवर आपटणाऱ्या लाटा. तिथून दीपगृहाच्या बाजूला, सिद्ध बुरुजाकडे, वेगळं जावं लागतं. दीपगृह आतून बघायचं तर ते ठरावीक वेळेतच उघडतं, आधी विचारून घ्या. गडाखाली समुद्राकडे उघडणारं भुयार आहे, ते वरूनच बघायचं. कड्याच्या टोकाला जांभा ठिसूळ असतो आणि पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत पायाखाली अक्षरशः सरकतं. सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जाणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही, तरी लिहून ठेवतो.

गडाच्या पायथ्याशी झाडगावच्या बाजूला सागरी जीवशास्त्र केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. देवमाशाचा सांगाडा तिथलाच. मुलं बरोबर असतील तर दुपारचा एक तास तिथे काढा, ऊन टळतं. त्याच हेतूने थिबा पॅलेस. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८६ पासून तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. हा राजवाडा १९१० ला बांधून झाला आणि १९१६ ला राजा वारला, म्हणजे तीस वर्षांतली जेमतेम सहा वर्षं तो या वास्तूत राहिला. जवळच थिबा पॉइंट. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत येतात. समुद्राची भरती कुठवर आत शिरते हे समजायला याहून चांगली जागा शहरात नाही.

मांडवीची वाळू काळी आणि भगवतीच्या पलीकडच्या बाजूची पांढुरकी, म्हणून गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. काळेपणा घाणीमुळे नाही. सह्याद्रीचा दगड आणि जांभा झिजून त्यातली इल्मेनाइटसारखी जड खनिजं नद्यांबरोबर खाली येतात. लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड कण मागे राहतात. मुलांना एक चांगलं चुंबक देऊन कोरड्या वाळूतून फिरवायला सांगा, काही कण मिशीसारखे चिकटून येतात. मांडवी ही बसायची, भेळ खायची, धक्क्यावर चालायची जागा आहे. पोहायची नव्हे, कारण काजळी नदीचं मुख इथेच आहे.

हेच कारण भाट्याला. पूल ओलांडला की दीडेक किलोमीटरची सरळ पुळण, मागे सुरूचं बन, पलीकडच्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. चालायला शहराजवळ याच्यासारखी पुळण नाही. पण पुलाकडचं टोक म्हणजे खाडीचं तोंड. भरतीला आत गेलेलं सगळं पाणी ओहोटीला या अरुंद जागेतून बाहेर पडतं, आणि भरती उतरायला लागून दोन-तीन तास झाले की ओढ सर्वांत जास्त असते. वरून पाणी शांत दिसतं, लाटसुद्धा फुटत नाही, म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. पाण्यात जायचंच असेल तर मधल्या भागात, भरती चढत असताना, कमरेच्या वर पाणी येणार नाही इतकंच. खाडीच्या काठाने ओहोटीला अनवाणी फिरू नका. खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. गुडघाभर पाण्यात बायका मुळे आणि तिसऱ्या (शिंपल्यांचे प्रकार) काढताना दिसतील, त्यांना वाट ठाऊक असते. कुठे चिखल आहे आणि कुठे घट्ट, हे त्यांनाच विचारावं.

आरे-वारेबद्दल जरा सविस्तर. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने गेलं की साधारण २५ किलोमीटर, आणि वाटेत डोंगराच्या वळणावर अचानक हे दोन किनारे खाली दिसतात. फोटो इथूनच काढतात, पण गाडी वळणावर उभी करू नका. पुढे-मागे रुंद जागा आहे तिथे लावून चालत या. किनारा बघायला अप्रतिम, पाण्यात उतरायला वाईट. पुळण पाण्यात शिरताच पटकन खोल होते, त्यामुळे लाट काठाशी येऊन एकदम फुटते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. इथे बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात.

त्यामागचं कारण समजून घ्या. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात मागे जातं. पाण्याकडे जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघितलं तर हा पट्टा ओळखता येतो : दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच एक गल्ली अशी की तिथे लाट फुटतच नाही, पाणी गढूळ आहे, फेस आणि पालापाचोळा समुद्राकडे चाललाय. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर आत या. पोहता येत नसेल तर पाठीवर पडून तरंगत राहा, हात वर करून हाक मारा. बाहेरच्यांनी मागोमाग उडी घ्यायची नाही. दोर, रिकामा पाण्याचा कॅन, स्टेपनी, जे तरंगेल ते फेका. साखळी करून आत शिरणारे चारजण एकदम जातात.

गणपतीपुळ्याचं पाणीही मवाळ नाही. देऊळ किनाऱ्यावर, गर्दी मोठी, त्यामुळे धीर येतो एवढंच. तिथे जीवरक्षक जिथे थांबायला सांगतील तिथे थांबा. डोंगराची प्रदक्षिणा मात्र सोडू नका, किलोमीटरभराची वाट आहे, सकाळी सातला फारसं कुणी नसतं. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. वेळ असेल तर जयगडला किल्ला आणि दीपगृह, आणि तिथून तवसाळला फेरीबोटीत गाडी घालून गुहागरकडे.

किनाऱ्यावर गाडी उतरवणं हा आणखी एक छंद. फलक असतो, तरी उतरवतात. ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट लागते, चाकाची खूणही उमटत नाही, म्हणून विश्वास बसतो. पण थांबलेल्या गाडीभोवती पाणी आलं की वाळूच्या कणांमधला घट्टपणा जातो आणि चाकं आपोआप खाली बसतात. अडकलात तर पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडा. चाक फिरवत राहिलात की गाडी पोटावर बसते, मग ट्रॅक्टरशिवाय गत्यंतर नाही. सगळ्यांना खाली उतरवा, सामान काढा. चारही टायरमधली हवा निम्मी करा, म्हणजे ३३ असेल तर १६-१७ वर आणा. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू हाताने काढून उतार करा, चाकाखाली पायपुसणी किंवा सुक्या झावळ्या घाला आणि दुसऱ्या गियरमध्ये हळूच, चाक सरळ ठेवून बाहेर काढा. दोर बांधायचा तर गाडीच्या टो हुकलाच, बंपरला नव्हे. भरती चढत असेल आणि पंधरा मिनिटांत जमलं नाही तर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवा, घासाघीस करत बसू नका. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय हमरस्त्याला लागायचं नाही आणि त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर महिन्याभरात गंज बोलायला लागतो.

दक्षिणेचा रस्ता माझ्या मते उत्तरेपेक्षा सरस, गर्दी निम्मीसुद्धा नाही. भाट्ये ओलांडून पावस, तिथे स्वामी स्वरूपानंदांची समाधी. मग आत वळून गणेशगुळे : जुनं देऊळ, शांत पुळण आणि "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" ही गोष्ट. त्यापुढे पूर्णगड. गावातल्या घरांमधून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत दरवाजा लागतो, शेजारी मारुती. किल्ला इतका लहान की अर्ध्या तासात तटावरून फेरी होते, पण समुद्राकडच्या छोट्या दरवाज्यात उभं राहिल्यावर मुचकुंदी नदीचं मुख आणि खाडीतल्या होड्यांची ये-जा नीट दिसते. ओहोटीला मुखाशी वाळूचे दांडे उघडे पडतात. होड्या भरतीची वाट का बघतात ते तिथे कळतं.

पूल ओलांडला की गावखडी. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, म्हणून पिल्लं बघायची तर फेब्रुवारी-मार्च-एप्रिल. पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, पण रोज निघतीलच असं नाही. गावातल्या कासवमित्रांशी आदल्या दिवशी बोलून मगच निघा. टॉर्च आणि फ्लॅश बंद, पिल्लाला हात नाही, आणि त्यांच्या वाटेवर पाय उमटवू नका. पावलाचा खड्डासुद्धा त्यांना पार करता येत नाही.

याच रस्त्याने पुढे कशेळी. कनकादित्याचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं, सड्यावरचं, म्हणजे वरच्या सपाट कातळावरचं, कातळशिल्प कमी जणांना. जांभ्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही याच घराण्यातली ठिकाणं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या शोधकांनी सडे पायी पालथे घालून यातली कितीतरी शिल्पं उजेडात आणली. इथे भरती-ओहोटीचा संबंध नाही, इथे सूर्य बघायचा. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर तिरपं ऊन पडतं, तेव्हा कोरलेल्या रेषांत सावली भरते आणि आकृती वर येते. बाराला गेलात तर सपाट तांबडा कातळ आणि डोकेदुखी. रेषा दिसाव्यात म्हणून खडू ओढू नका, पाणी ओतू नका, शिल्पावर चपला घालून चढू नका. सड्यावर झाड नाही, विहीर नाही. माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी हवीच.

मौसम? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरा. एप्रिल-मेमध्ये हापूस मिळतो, पण उकाडा असह्य होतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पाण्यातले खेळ आणि प्रवासी होड्या बंद असतात. पावसात किनारा रस्त्यावरून बघायचा. जोडीला हिरवे सडे आणि धबधबे आहेतच.

मासे घेऊन जाणाऱ्यांसाठी शेवटचं. मिरकरवाड्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. एरवी उजाडताना जा. जमीन ओली आणि बुळबुळीत असते, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल घाला. टोपल्या वाहणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका आणि घ्यायचं नसेल तर लिलावात मध्येच भाव विचारू नका. किरकोळ माल बाहेर बसलेल्या बायकांकडे वाट्यावर मिळतो. "मावशी, आजचा आहे का?" असं विचारण्यापेक्षा कल्ला उचलून बघा : लालभडक हवा, तपकिरी नको, डोळा फुगीर हवा, बोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. बांगडा आणि सुरमई इथेच साफ करून घ्या, कारण आतडं आत ठेवून पुण्यापर्यंत नेलं तर पोट फुटतं. थर्माकोलच्या पेटीत माशाएवढंच बर्फ वजनाने घ्या, खाली बर्फ, मग पिशवीत बांधलेले मासे, वर पुन्हा बर्फ. पेटीला कोपऱ्यात एक भोक पाडा. वितळलेल्या पाण्यात मासा डुंबत राहिला की घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. भोकाखाली जुना टॉवेल ठेवला नाही तर डिकीचा वास पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाही.